चंद्रपूरचे आठ दिवस

बँकेच्या शाखेला धुराडं नसतं. एसी, दिवे, एटीएम आणि लाइट गेली की मागच्या बोळात धडधडणारा जनरेटर, एवढाच काय तो पसारा. त्यामुळे बँक स्वतःच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब देते म्हटलं की बऱ्याच जणांना हसू येतं. पण तो मांडून बघण्यासारखा आहे.

स्टेट बँकेच्या देशभरात 22 हजारांहून जास्त शाखा आहेत. एका शाखेला वर्षाला 20 हजार युनिट वीज लागते असं धरू. हा अंदाज माझा. एकूण झाली 44 कोटी युनिट. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे सगळ्या शाखांचे मिळून वर्षाला तीन लाख टन. आता चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र घ्या. क्षमता 2,920 मेगावॉट. ते 60 टक्के क्षमतेने चाललं तरी दिवसाला 40 हजार टनांच्या आसपास सोडतं. 22 हजार शाखांचं अख्खं वर्ष चंद्रपूर आठ दिवसांत उरकतं!

मग बँकेला बोल का लावायचा? कारण असली केंद्रं उभी राहतात ती कर्जावर. उत्सर्जनाच्या हिशेबात तीन ‘स्कोप’ असतात: स्वतः जाळलेलं इंधन, विकत घेतलेली वीज आणि बाकी सगळं. या तिसऱ्याचे 15 वर्ग आहेत आणि त्यातल्या शेवटच्या वर्गात कर्जं नि गुंतवणुका येतात. बँकेचं खरं घबाड तिथे. सीडीपी या संस्थेने 2021 मध्ये जगभरातल्या 332 वित्तसंस्थांची माहिती तपासली. कर्जं-गुंतवणुकीतून होणारं उत्सर्जन संस्थेच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या 700 पटींहून अधिक निघालं. तेही फक्त पाव संस्थांनी हा आकडा दिला म्हणून कळलं. वरच्या तीन लाख टनांना 700 ने गुणलं तर 21 कोटी टन होतात, म्हणजे चंद्रपूरसारखी चौदा केंद्रं वर्षभर. हा स्टेट बँकेचा आकडा नव्हे. प्रमाण डोळ्यांपुढे यावं म्हणून केलेला गुणाकार.

हा वाटा काढतात कसा? पीकॅफ नावाची पद्धत आहे, 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या वित्तसंस्थांनी सुरू केलेली. समजा, शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीच्या शेअरचं बाजारमूल्य आणि कर्ज मिळून 5,000 कोटी रुपये. त्यात बँकेची येणे बाकी 500 कोटी. कंपनी वर्षाला एक कोटी टन सोडत असेल तर बँकेच्या खात्यावर दहा टक्के, म्हणजे दहा लाख टन. इथवर ठीक. उद्या बाजार तेजीत आला आणि तीच बेरीज 10,000 कोटींवर गेली तर बँकेचा वाटा पाच लाख टनांवर येतो. कोळसा तेवढाच जळाला, धूर तेवढाच निघाला, फक्त शेअर वधारला. उलट, मंदीत बँक बसल्या जागी जास्त प्रदूषक ठरते. कंपनीसाठी बाजारात रोखे विकून दिले तर याच पद्धतीत त्या वाट्याचा फक्त 33 टक्के हिस्सा धरायचा. उरलेले 67 टक्के बँकेच्या हिशेबात येतच नाहीत.

वचनांचं म्हणाल तर एप्रिल 2021 मध्ये 43 बँकांनी मिळून ‘नेट झिरो बँकिंग अलायन्स’ सुरू केली: 2050 पर्यंत कर्जांतलं उत्सर्जनही निव्वळ शून्यावर आणायचं. डिसेंबर 2024 मध्ये गोल्डमन सॅक्स बाहेर पडली, पुढच्याच महिन्यात जेपी मॉर्गन. ऑक्टोबर 2025 मध्ये आघाडीच गुंडाळली गेली. साडेचार वर्षं टिकली, लक्ष्य 29 वर्षांपुढचं होतं. स्टेट बँकेने कार्बन न्यूट्रल होण्यासाठी 2030 आणि नेट झिरोसाठी 2055 साल सांगितलं आहे. अशा घोषणेत मी साल नंतर बघतो, कुठला स्कोप धरलाय ते आधी. शाखांवर सौर पॅनेल बसवणं चांगलंच, पण त्याने सुटतात ते चंद्रपूरचे आठ दिवस.

सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्यात पहिल्या 1,000 क्रमांकांतल्या सूचिबद्ध कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात पहिले दोन स्कोप सक्तीचे आहेत, तिसरा ऐच्छिक. तुमच्याकडे एखाद्या बँकेचे शेअर असतील तर वार्षिक सभेला एकच प्रश्न विचारा: स्कोप तीन, वर्ग पंधरा, किती टन?