न मागितलेले मौन

वर्धा जिल्ह्याला मौनाची ओळख जुनी आहे. सेवाग्रामला गांधीजी सोमवारी मौन पाळत. निकडीचे काही असलेच तर चिठ्ठीवर दोन ओळी लिहून देत. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन घेतले होते. ही मौने स्वखुशीची. याच जिल्ह्यात दुसरेही एक मौन आहे, आणि त्यात चिठ्ठीची सोय नसते.

धडधाकट शेतकरी सकाळी उठतो तो उजवा हात लुळा, तोंड वाकडे आणि वाचा बंद. लकवा मारला, म्हणतात. दवाखान्यातून घरी आल्यावर कोणीतरी शहाणा त्याच्यापुढे पाटी-पेन्सिल ठेवतो: बोलता येत नाही ना, मग डाव्या हाताने लिहून दाखवा. तो पेन्सिलकडे नुसता पाहत राहतो. घरात कुजबुज सुरू होते, डोकेही गेले की काय! पुढे शेत मक्त्याने द्यायचे की नाही, हे त्याच्या देखत दुसरेच ठरवतात. त्याचा अंगठा तेवढा लागतो.

या दुखण्याचे नाव वाचाघात. डॉक्टर ‘अफेजिया’ म्हणतात. जीभ आणि घसा बहुधा ठीक असतात. बिघाड असतो मेंदूतल्या भाषेच्या केंद्रांत, म्हणून बोलण्याबरोबर लिहिणे, वाचणे, ऐकलेले उमगणे हेही कमी-अधिक ढासळते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ‘तां’ एवढाच उच्चार उरलेल्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात सापडली. उजव्या अंगाची सूत्रेही डाव्याच मेंदूकडे. उजवा हात आणि वाचा जोडीने जातात ते त्यामुळे. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरी तऱ्हा मांडली: रुग्ण अखंड बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो. आपल्याकडे अशाला वेड्यात काढतात, नाहीतर मांत्रिकाकडे नेतात. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत असते. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांची वाचा १९९० च्या झटक्यात गेली. त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह निघाले, २०११ चे नोबेलही मिळाले.

उपचारांतला नवलाचा भाग गाण्याचा. बायकोचे नाव न सुचणारा माणूस गावच्या सामुदायिक प्रार्थनेत तुकडोजी महाराजांचे भजन शब्दांसह म्हणून जातो, आणि घरच्यांना वाटते, ढोंग करतो. ते ढोंग नव्हे. पाठ असलेले, सुरात बसलेले शब्द वेगळ्या वाटेने येतात. बोस्टनमध्ये १९७३ साली मांडलेली पद्धत याच वाटेने जाते: डाव्या हाताने ठेका धरायचा, ‘पाणी दे’ हे दोन सुरांत म्हणायचे, सूर हळूहळू काढून घ्यायचा. नुसत्या भजनाने बोलणे परत येत नाही, हेही सांगायला हवे.

बाकीचे काम कंटाळवाणे आणि रोजचे. वाचाउपचारतज्ज्ञ आठवड्यातून तास-दोन तास भेटणार, तेही जवळ असले तर. उरलेला वेळ घरचाच. टीव्ही बंद करावा, एका वेळी एकच छोटे वाक्य बोलावे, आणि थांबावे. अर्धा मिनिट थांबणे फार जड जाते! ओरडू नये, तो बहिरा नाही. शब्द अडला तर पहिले अक्षर द्यावे, ‘पा...’, ‘चहा की दूध?’ असे दोनांतून निवडू द्यावे. ‘हो’वर लगेच विसंबू नये, कारण मनात ‘नाही’ असताना तोंडून ‘हो’ निघते; मान, बोट पाहून खात्री करावी. विमानाची छापील कार्डे कशाला? पऱ्हाटी, वखर, बंडी, नातू यांचे फोटो दाखवावेत. माझ्या मते पुस्तकी मराठीचा आग्रह इथे मुळीच नको. त्याची वऱ्हाडीच आधी परत येऊ द्यावी. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. वर्षानंतर ती थांबतेच असे नाही.

सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ चे. सावंगीलाही मोठे रुग्णालय आहे. गुठळीने आलेल्या झटक्यात ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून आष्टी-कारंजाकडच्यांनी संध्याकाळची वाट पाहू नये. आणखी एक. १९९५ च्या अपंग कायद्यात वाचा-भाषेचे अपंगत्व नव्हतेच. २०१६ च्या कायद्याने ते घेतले, व्याख्येत अफेजियाचे नावही आहे. बिघाड कायमचा राहिला तर प्रमाणपत्र मागता येते. अर्जावर अंगठा घेण्याआधी तो कशाचा अर्ज आहे, हे मात्र त्याला सावकाश, दोनदा सांगावे.