अणूचे अंतरंग

दगड, पाणी, हवा, धान्य अथवा मानवी देह, हे सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत, हे आज शालेय विद्यार्थीही जाणतो. भारतात कणादांनी आणि ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसने सूक्ष्म कणांची कल्पना फार पूर्वी मांडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील जॉन डाल्टन यांनी तिला प्रयोगांचा आधार दिला. तथापि अणू अविभाज्य आहे, ही समजूत त्यानंतरही दीर्घकाळ टिकून होती. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी ऋण विद्युतभार असलेला इलेक्ट्रॉन शोधून काढला आणि ती ढासळली. धनभारित गोळ्यात इलेक्ट्रॉन रव्याच्या लाडवातील बेदाण्यांप्रमाणे विखुरलेले असावेत, असे चित्र थॉमसन यांनी रेखाटले.

अनपेक्षित ठिणगी

या चित्राला धक्का बसला तो १९०९ साली मँचेस्टर विद्यापीठात. तेथे प्राध्यापक अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर यांच्यासमवेत अर्नेस्ट मार्सडेन हा वीस वर्षांचा विद्यार्थी काम करीत होता. किरणोत्सर्गी द्रव्यातून वेगाने निघणारे अल्फा कण धातूच्या पातळ पत्र्यावर आदळून मागे फिरतात काय, हे पाहण्याचे काम त्याच्याकडे सोपविण्यात आले. इलेक्ट्रॉनच्या सुमारे सात हजार पट जड असलेला अल्फा कण मागे फिरेल, अशी अपेक्षा कोणालाच नव्हती. अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावर उमटणाऱ्या सूक्ष्म ठिणग्या डोळ्यांनी मोजावयाच्या, असे ते चिकाटीचे काम होते. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून आठ हजारांपैकी सुमारे एक कण परत फिरतो, असे या मोजणीतून आढळून आले.

या एका कणाचा अर्थ रदरफर्ड यांनी १९११ साली उलगडला. अणूचा धनभार व जवळजवळ सर्व वस्तुमान मध्यभागी एका अतिसूक्ष्म अणुकेंद्रात एकवटलेले असते. उरलेला भाग बहुतांशी पोकळ असतो. अणूचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढा. सोन्याचा अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा कल्पिला, तर त्याचे केंद्र हरभऱ्याच्या दाण्याएवढे भरेल.

संख्येचे महत्त्व

या दाण्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन हे दोन प्रकारचे कण असतात. प्रोटॉनवर धनभार असतो. १९३२ साली जेम्स चॅडविक यांनी शोधलेला न्यूट्रॉन भाररहित असतो. प्रोटॉनच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरते. सहा प्रोटॉन म्हणजे कार्बन, सात म्हणजे नायट्रोजन, एकोणऐंशी म्हणजे सोने. सामान्य अणूत तितकेच इलेक्ट्रॉन केंद्राभोवती असतात आणि मूलद्रव्याचे रासायनिक गुणधर्म त्यांच्या रचनेवर अवलंबून असतात.

प्रोटॉन तेवढेच राहून न्यूट्रॉनची संख्या बदलली, तर त्याच मूलद्रव्याचे समस्थानिक मिळते. निसर्गातील कोबाल्टच्या केंद्रात २७ प्रोटॉन व ३२ न्यूट्रॉन असतात आणि ते स्थिर असते. अणुभट्टीत त्यात एका न्यूट्रॉनची भर पडली, की किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० तयार होते. त्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण कर्करोगाच्या उपचारासाठी वापरण्यात आले आहेत.

या किरणांचा संबंध शेतकऱ्यांशीही आहे. साठवणुकीतील कांद्याला कोंब फुटले, की त्याचा दर घसरतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ साली विकिरण केंद्र कार्यान्वित झाले. तेथे कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची सौम्य मात्रा देऊन कांद्यातील कोंबाची वाढ रोखण्याची सोय झाली. या प्रक्रियेने कांदा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. कारण हे किरण त्यातील अणुकेंद्रांची घडण बदलण्याइतके शक्तिमान नसतात. अणूची रचना ज्याला समजली, त्याच्या मनात अशा कांद्याविषयी भीती उरत नाही.

एका न्यूट्रॉनची भर पडताच साधा धातू रुग्णाच्या आणि शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो, हे शक्य झाले ते अणूचे अंतरंग कळल्यामुळे. त्या ज्ञानाची वाट एका विद्यार्थ्याने दाखविली. जे दिसण्याची शक्यता नाही असे सर्वांना वाटत होते, तेही त्याने प्रामाणिकपणे मोजून पाहिले.