‘सटल’ म्हणजे किरकोळ नव्हे

आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे. ‘आम्हाला इंग्रजीचं काय करायचंय?’ असं काहीजणी म्हणतील, पण या एका शब्दाने मला चांगलंच खाली बघायला लावलं, म्हणून सांगते.

आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी एक इंग्रजी कागद मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं होतं. विषय होता बायकांमधला हृदयविकार. त्यात लक्षणांच्या आधी ‘सटल’ असा शब्द होता. मी बी.ए. झालेली, शब्द ओळखीचा वाटला, लिहून टाकलं ‘किरकोळ लक्षणे’. बैठकीत वाचून दाखवलं, तर एक मावशी लगेच म्हणाल्या, “किरकोळ आहे म्हणता, मग दवाखान्यात कशाला जायचं? भाडं कोण देणार?” मला उत्तर सुचेना. त्या बरोबरच बोलत होत्या, चूक माझ्या शब्दात होती.

आधी उच्चार. हा शब्द लिहिताना मधे ‘बी’ येतो, पण बोलताना तो गिळायचा. ‘सबटल’ म्हणायचं नाही, आणि ‘शटल’ तर नाहीच, ती स्टँडवरून सुटते. हा ‘बी’ आला कुठून, तर मूळ लॅटिन शब्दातून. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना तो गळून गेला होता. पुढे शिकलेल्या लोकांनी लॅटिन पाहून तो परत लिहायला घेतला, पण लोकांच्या तोंडात काही बसला नाही. त्या लॅटिन शब्दाचा संबंध विणकामाशी जोडतात, बारीक सुताचं तलम विणलेलं असा. पैठणी हातात घेतली की दोन धाग्यांमधली जागा दिसते का? तसं.

म्हणजे ‘सटल’ हे एखादी गोष्ट केवढी आहे ते सांगत नाही. ती चटकन लक्षात येते की नाही, ते सांगतं. किरकोळ म्हणजे सोडून द्यावं असं. सटल म्हणजे निरखून पाहावं असं. वरणातला हिंगच घ्या ना. बोट दाखवून हा बघा हिंग असं म्हणता येत नाही, पण घातला नाही तर पहिल्या घासाला कळतं. इंग्रजीत ही चव सटल. फिका, डोळ्यांत न भरणारा रंग सटल, मंद वास सटल. इथे तो कौतुकाचा शब्द आहे.

बोलण्यातही सटल असतं. आपली ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आहे ना, त्यातलं बोलणं म्हणजे सटल टोमणा. नाव कुणाचं घेतलं नाही, पण ज्याला लागायचं त्याला लागलं! पूर्वी तर या शब्दाला कावेबाज असाही अर्थ होता. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये हव्वेला भुलवणाऱ्या सापाला हेच विशेषण लावलंय.

आता बचत गटाच्या कामाचं. ‘सटल फरक’ म्हणजे लहान फरक असं समजू नका. समजा, 10,000 रुपये कर्ज, व्याज महिना 1 टक्का, मुद्दल 12 सारख्या हप्त्यांत फेडायचं. व्याज शिल्लक मुद्दलावर लावलं, तर वर्षाचं व्याज होतं 650 रुपये. तेच शेवटपर्यंत मूळ 10,000 वर लावलं, तर 1,200 रुपये. दोन्हीकडे दर 1 टक्काच लिहिलेला. फरक एवढाच की एका कागदावर ‘शिल्लक रकमेवर’ आहे आणि दुसऱ्यावर ‘मूळ रकमेवर’. नजरेतून निसटणारा फरक, आणि जास्तीचे जातात 550 रुपये. सही करताना आपण हप्त्याची तारीख विचारतो, हे विचारत नाही.

वागणुकीतलंही असतं. कर्ज बाईच्या नावावर, पण अधिकारी बोलतो नवऱ्याकडे बघून. कुणी वाईट शब्द बोललं नाही, तक्रार काय करणार? तरी बाईला कळतंच.

पुन्हा त्या कागदाकडे येते. हृदयविकाराच्या झटक्यात बायकांच्याही छातीत दुखतं. पण कधी त्यासोबत, कधी त्याऐवजी दम लागतो, मळमळतं, पाठ, मान किंवा जबडा दुखतो, घाम सुटतो, कधी नव्हे एवढा थकवा येतो. आपण म्हणतो पित्त झालं, उन्हात खुरपणी केली म्हणून असेल. झटका मोठाच असतो, पण त्याच्या खुणा रोजच्या दुखण्यांत मिसळून जातात. म्हणून त्या सटल. असं अचानक झालं, थांबेना, तर लिंबूपाणी पिऊन पडून राहायचं नाही, 108 ला फोन करायचा.

पुढच्या बैठकीत मी मावशींसमोरच ‘किरकोळ’ खोडलं आणि लिहिलं, ‘सहज लक्षात न येणारी लक्षणे’. एका शब्दाचे चार झाले, ओळ समासाबाहेर गेली. मावशींनी कागद हातात घेतला आणि विचारलं, “आता यातली किती असली की फोन करायचा?” एक असलं तरी करा, म्हटलं. तेही खाली पेनाने लिहून घेतलं.