दृष्टिपटलचित्रणातील सखोल अध्ययन

मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलाची (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्याची) छायाचित्रे संगणकाकडून तपासून घेऊन त्यांतील विकृती ओळखण्याची पद्धती. उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या बहुस्तरीय संगणकीय जालकांच्या या तंत्रास डीप लर्निंग असेही म्हणतात.

दीर्घकालीन मधुमेहात दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या भित्ती दुबळ्या होतात. त्यांवर सूक्ष्म फुगवटे येतात, रक्तस्राव होतो आणि मेदयुक्त द्रव झिरपून पिवळसर ठिपके उमटतात. या अवस्थेत रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही. दृष्टी मंदावल्याचे लक्षात येईपर्यंत झालेली हानी पुष्कळदा भरून न येणारी असते. म्हणून तक्रार नसतानाही नियमित तपासणी आवश्यक ठरते. हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये नेत्रांतर्दर्शक प्रचारात आणल्यापासून दृष्टिपटल पाहता येऊ लागले. तथापि पाहणारा तज्ञच लागे, आणि सर्व मधुमेहींना पुरतील इतके तज्ञ नाहीत.

छायाचित्र म्हणजे संगणकाच्या दृष्टीने संख्यांचा तक्ता होय. जालकाचे आरंभीचे स्तर त्यातील कडा व रंगभेद टिपतात, पुढील स्तर त्यांतून ठिपके, वाहिन्या असे आकार जुळवितात. तज्ञांनी आधी निदान केलेल्या चित्रांशी उत्तर ताडून, चूक कमी होईल अशा रीतीने जालकातील गुणांक पुनःपुन्हा बदलले जातात. फुगवटा कसा दिसतो हे त्याला कोणी सांगत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गूगलच्या संशोधनात अमेरिका व भारत येथील १,२८,१७५ प्रतिमांवर असे अध्ययन करविण्यात आले होते.

मुंबईतील प्रयोग अधिक उद्बोधक आहे. हिंदमाता-परळ भागापासून जवळच असलेल्या वडाळ्याच्या आदित्य ज्योत नेत्र रुग्णालयाचे एस्. नटराजन व सहकाऱ्यांनी २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महानगरपालिकेच्या दवाखान्यांत आरोग्यसेवकांकरवी ही तपासणी केली. स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने चित्र घेतले जाई व निर्णय इंटरनेटवाचून त्याच फोनवर मिळे. विचारणा झालेल्या २५५ मधुमेहींपैकी २३१ जणांनी संमती दिली. इतरांच्या नकाराचे मुख्य कारण थांबण्याची नाखुषी हे होते. १८ जणांची चित्रे तज्ञांनाही वाचता आली नाहीत. उरलेल्या २१३ जणांत तज्ञाकडे धाडण्याजोगी विकृती असलेला एकही रुग्ण यंत्रणेच्या नजरेतून सुटला नाही (संवेदनशीलता १००%). तशी विकृती नसलेल्यांपैकी ८८.४% जणांना तिने योग्य रीत्या वगळले. शंभर टक्क्यांचा आकडा मात्र जपून वाचावा. असे रुग्ण थोडेच असल्याने त्याची खालची सांख्यिकीय मर्यादा ७८.२% इतकी येते. कोणत्याही टप्प्यावरील विकृती ओळखण्याची संवेदनशीलता ८५.२% होती, म्हणजे सौम्य विकृतीचे काही रुग्ण सुटले.

मोतीबिंदू किंवा लहान बाहुली यांमुळे चित्र अस्पष्ट आल्यास ते पुन्हा घ्यावे लागते. अस्पष्ट चित्रास निर्दोष मानणे घातक होय. शिवाय केवळ मधुमेहजन्य विकृतीवर शिकविलेले जालक काचबिंदूविषयी काही सांगू शकत नाही, आणि सदोष ठरलेल्या रुग्णाची पुढील तपासणी व लेसर उपचार नेत्रतज्ञाकडेच होतात.