भंडारदऱ्याच्या चढाला विजेची सायकल

शेंडीहून मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत जलाशयाला वळसा घालायचा, तर चढउतार आलेच. त्यासाठी विजेवरची माउंटन बाइक घेताना आधी बॅटरी पाहा. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. जाहिरातीतलं अंतर चढावर बरंच घटतं. मोटर पेडलच्या धुरेशी असेल, तर तिला गिअरचा फायदा मिळतो; महाग पडली तरी मी तीच सुचवीन. सायकल जड असल्याने उतारावर डिस्क ब्रेक हवेतच. मोटर २५० वॉटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर मान्यताप्राप्त सायकलला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या पायवाटांवर मात्र वनखात्याला विचारल्याशिवाय चाक घालू नका.