संगणकाचा सांधेवाला

कोल्हापुराहून निघालेली आगगाडी मिरजेस पोंचली, कीं तिच्यापुढें अनेक वाटा फुटतात. एक पुण्याकडे जाते, दुसरी बेळगांवाकडे, तिसरी पंढरपुरावरून कुर्डुवाडीकडे. गाडीनें कोणत्या वाटेस लागावें, हें इंजिन ठरवीत नाहीं आणि उतारूहि ठरवीत नाहींत. तें सांध्यावर ठरतें. कोल्हापूर-मिरज हा लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला. त्या काळीं सांधेवाला रूळांशेजारीं उभा राहून हातानें खटका ओढीत असे. त्याचें काम क्षणभराचें. तो एकाहि उतारूस वाहून नेत नाहीं, कोळशाचें एक फावडेंहि भट्टींत टाकीत नाहीं. पण तो जागेवर नसला, तर गाडी धडधाकट आणि रूळ शाबूत असूनहि प्रवास खुंटतो.

संगणकामध्येंहि असाच एक सांधेवाला असतो. त्याला बूट लोडर म्हणतात. मराठींत त्यास 'आरंभक' म्हणावयास हरकत नाहीं. विंडोज, लिनक्स यांसारखी जी मूळ व्यवस्था, जिच्या आधारावर संगणकाचीं इतर सर्व कामें चालतात, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ज्या यंत्रांत एकच कार्यप्रणाली असते, तेथें आरंभकाची ओळख होण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. परंतु एकाच यंत्रांत दोन प्रणाली नांदूं लागल्या, म्हणजे ही ओळख करून घेणें अगत्याचें होतें. ती नसल्यामुळें वर्षानुवर्षांचा संग्रह हकनाक गमावण्याची पाळी येते.

एका यंत्रांत दोन प्रणाली हव्यात कशाला, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर कोल्हापुरांतील एकाद्या लहान छापखान्यांत सांपडेल. तेथील संगणकांत लग्नपत्रिका, तालीम मंडळांचीं पावतीपुस्तकें, पतसंस्थांचे व साखर कारखान्यांचे अहवाल असा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर सांठलेला असतो. हा मजकूर बहुधा पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या 'श्रीलिपी'सारख्या आज्ञावलीच्या जुन्या फॉन्टांत जुळविलेला असतो. युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरीस १९९१ सालींच जागा मिळाली. पण तो संकेत छापखान्यांत रुळावयास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंपर्यंत 'क' कोणत्या घरांत ठेवावा आणि 'ख' कोणत्या, हें फॉन्ट करणारा आपल्या मर्जीनें ठरवीत असे. तो विशिष्ट फॉन्ट नसेल, तर असा मजकूर उघडतांच इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. छापखान्यानें घेतलेली जुनी आज्ञावली जुन्या विंडोजवर चालते, म्हणून मालकास ती विंडोज टाकवत नाहीं.

दुसऱ्या बाजूस, विंडोज १० ची सर्वसाधारण विनामूल्य सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची योजना यंत्रांत असावी लागते. ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नाहीं. अशा वेळीं जुनी विंडोज जुन्या मजकुरापुरती, इंटरनेटपासून दूर ठेवावी आणि ई-मेल, बँक, ग्राहकांशीं देवघेव यांसाठीं शेजारीं उबुंटूसारखी लिनक्सची विनामूल्य प्रणाली बसवावी, हा शहाणपणाचा व बिनखर्चाचा मार्ग होय.

आतां कळ दाबल्यावर काय घडतें तें पाहावें. संगणकाची चालती स्मृति वीज जातांच कोरी होते. म्हणून कळ दाबली त्या क्षणीं यंत्रास कांहींच आठवत नसतें. विंडोज कोठें आहे, हेंहि नाहीं. कार्यप्रणाली स्मृतींत आणावयास कोणी तरी आज्ञा द्यावी लागते, आणि एरवीं आज्ञा देणारी तर कार्यप्रणालीच! आपल्याच बुटाचे बंद ओढून स्वतःस वर उचलावें, तशी ही गोष्ट. 'बूट' हा शब्द याच कल्पनेवरून या विद्येंत आला.

ही अडचण पायरीपायरीनें सोडविलेली आहे. यंत्राच्या मदरबोर्डवरील एका चिपमध्यें एक लहानशी कायमची आज्ञावली असते. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ सालीं निघाला, तेव्हांपासून तिला बायोस म्हणत आले. ती यंत्राचे अवयव तपासते आणि हार्ड डिस्कचा पहिला खंड वाचते. हा खंड अवघा ५१२ बाइटांचा. त्यांतील ४४६ बाइट आरंभकाच्या पहिल्या तुकड्यासाठीं, ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांच्या नोंदीसाठीं आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या खुणेसाठीं असतात. पोस्टकार्डाएवढ्या या जागेंत संसार मावत नाहीं. म्हणून पहिला तुकडा एकच काम करतो : तो दुसऱ्या, मोठ्या तुकड्यास हांक मारतो. तो मोठा तुकडा प्रणालींची यादी पडद्यावर दाखवितो, निवडलेली प्रणाली स्मृतींत आणण्याची तजवीज करतो आणि तिच्या हातीं कारभार सोंपवून बाजूस होतो.

अलीकडच्या यंत्रांत यूईएफआय ही पद्धति असते. तिची जोपासना करणारें मंडळ २००५ सालीं स्थापन झालें. या पद्धतींत डिस्कवर एक लहान विभाग राखून ठेवलेला असतो. त्यांत प्रत्येक प्रणाली आपला आरंभक आपापल्या कप्प्यांत ठेवते. आधीं कोणास हांक मारावी, याचा क्रम मदरबोर्डच्या स्मृतींत लिहिलेला असतो. जुन्या पद्धतींत सांध्यावर एकाच माणसापुरती जागा होती. नवा आला, कीं जुना बाहेर पडे. नव्या पद्धतींत सर्वजण उभे राहूं शकतात, बदलतो तो रांगेचा क्रम.

लिनक्सबरोबर बहुधा ग्रब नांवाचा आरंभक येतो. एरिक बोलिन यांनीं १९९५ सालीं त्याच्या रचनेस प्रारंभ केला. ग्रब लिनक्सखेरीज इतरांनाहि वाट करून देतो. विंडोज निवडली, तर तो विंडोजच्या स्वतःच्या आरंभकास हांक मारून मोकळा होतो. विंडोज बसतांना मात्र शेजारीं लिनक्स आहे काय, याची चौकशी करीत नाहीं. म्हणून दोन्ही नव्यानें बसवावयाच्या असतील, तर विंडोज आधीं आणि लिनक्स नंतर, हा क्रम सोयीचा पडतो.

लिनक्स बसविण्यापूर्वीं चार गोष्टी कराव्या. पहिली, सर्व मजकुराची नक्कल निराळ्या डिस्कवर काढावी आणि ती उघडून पाहावी. दुसरी, विंडोजमध्यें बिटलॉकरचें कुलूप असल्यास त्याची ४८ अंकांची किल्ली कागदावर उतरून घ्यावी. तिसरी, विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. ती चालू असतां विंडोज पूर्ण झोपत नाहीं, आणि अशा अर्धवट मिटलेल्या विभागांत लिनक्समधून लिहिल्यास मजकूर बिघडण्याचा धोका असतो. चौथी, विंडोज जुन्या पद्धतीनें बसलेली आहे कीं यूईएफआय पद्धतीनें, हें पाहून लिनक्सहि त्याच पद्धतीनें बसवावी. डिस्कवरील जागा विंडोजमधूनच कमी करून घ्यावी आणि रिकाम्या झालेल्या भागांत नवी प्रणाली बसवावी.

पुढचें काम यादीची मांडणी. लिनक्समध्यें 'ईटीसी' या फोल्डरमधील 'डिफॉल्ट' या पोटफोल्डरांत 'ग्रब' नांवाची साधी फाईल असते. तींतील तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. त्यांचीं नांवें रोमन मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्यें अधोरेषा घालून लिहिलेलीं असतात. 'ग्रब टाइमआउट' या ओळींत यादी किती सेकंद थांबावी, तो आंकडा असतो. 'ग्रब डिफॉल्ट' या ओळींत कोणीं कांहींच न निवडल्यास कोणती नोंद चालू व्हावी, हें लिहितात. ही मोजणी शून्यापासून होते. पहिली नोंद ०, तर चौथी ३. छापखान्यांतील नवख्या कामगारानें चुकून जुन्या विंडोजमध्यें शिरूं नये, असें वाटत असेल, तर येथें ० ठेवून लिनक्सला मान द्यावा आणि यादीस १० सेकंद द्यावे.

तिसरी ओळ 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' ही होय. २०२१ सालच्या २.०६ या आवृत्तीपासून ग्रब सुरक्षेच्या कारणास्तव शेजारच्या प्रणालींचा शोध आपण होऊन घेत नाहीं. त्यामुळें कधीं कधीं यादींत विंडोज दिसत नाहीं, आणि ती पुसलीच गेली, अशी भीति वाटते. या ओळीपुढें 'फॉल्स' हा शब्द घालावा; ओळीच्या आरंभीं हॅशचें चिन्ह असल्यास तें काढावें. मग उबुंटूमध्यें 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा दिली, कीं नवी यादी लिहिली जाते. प्रत्यक्ष यादीची 'ग्रब डॉट सीएफजी' ही फाईल हातानें बदलूं नये. पुढच्या वेळीं यंत्र ती नव्यानें लिहितें आणि केलेला बदल पुसला जातो.

खरी कसोटी पुढेंच असते. विंडोज दुरुस्त करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं लिनक्स दिसेनाशी झाली. किंवा जागा मोकळी करण्याच्या नादांत कोणीं लिनक्सचा विभाग पुसला, आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीं दोनच अक्षरपदें उरलीं. मालकाच्या काळजांत धस्स होतें. यंत्र दुरुस्तीस जातें. "फॉरमॅट मारूं काय?" असें कोणी विचारतो, आणि गोंधळलेला मालक मान डोलावतो. सांधेवाला हरवला म्हणून स्टेशनच पाडावें, तसें हें होतें. वीस वर्षांचा मजकूर जातो तो आरंभक बिघडल्यामुळें नव्हे, तर त्या होकारामुळें.

अशा वेळीं प्रथम लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू करावें. डिस्कवर कांहींहि न बसवितां उबुंटू तात्पुरती चालविण्याची सोय त्यांत असते. तींतून डिस्क उघडून आपल्या फायली स्वतःच्या डोळ्यांनीं पाहाव्या आणि नक्कल नसेल, तर आधीं ती काढावी. त्यानंतर उपाय शोधावा. यूईएफआय यंत्रांत पुष्कळदां केवळ रांग बदललेली असते. चालू करतांना एफ२ किंवा डिलीट ही कळ दाबून मदरबोर्डच्या मांडणींत उबुंटूचें नांव पुन्हां वर आणलें, कीं काम भागतें. लिनक्स पुसलीच गेली असेल, तर त्याच रांगेंत विंडोजच्या आरंभकास पहिला मान द्यावा. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत लिनक्स शाबूत असल्यास पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हां बसवावा लागतो. विंडोजच उरली असल्यास तिच्या दुरुस्तीच्या डिस्कवरून तिचा आरंभक परत लिहावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्यें विंडोजच्या एका सुरक्षा-सुधारणेनें जुन्या आवृत्तीच्या आरंभकांस प्रवेश नाकारला, आणि दोन प्रणालींच्या कांहीं यंत्रांवर लिनक्स उघडेना. त्या खेपेसहि अडला तो प्रवेश. आंतील फायलींस धक्का लागला नव्हता.

हार्ड डिस्कच झिजून बंद पडली असेल, तर गोष्ट निराळी. तेथें अगोदर काढलेली नक्कलच उपयोगी पडते. परंतु नुसती यादी नाहींशी झाली असेल, तर यंत्र कोणाच्या हातीं देण्यापूर्वीं पेन ड्राइव्ह लावून आंत पाहावें. बहुधा रूळ जागेवर असतात आणि मालानें भरलेले डबेहि जागेवर असतात. सांध्यावर माणूस तेवढा परत उभा करावयाचा असतो.