मृगसाल

बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकांठीं नवापूर हें गांव आहे आणि त्याच्या उत्तरेस तारापूरचा किल्ला. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. तेव्हां पंचांगांत शके १६६० व मुसलमानी गणनेंत हिजरी ११५१ चालू होतें. मराठी कारकुनाच्या लेखणींत मात्र तें साल ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असें होतें. म्हणजे नऊ, तीस, शंभर व हजार मिळून ११३९. दोन्ही नांवें अरबी वळणाचीं, मग बारा वर्षांचें अंतर कां?

याचें उत्तर शेतसाऱ्यांत आहे. हिजरी वर्ष चांद्रमानाचें, सुमारें ३५४ दिवसांचें. तें दरसाल सुमारें अकरा दिवस मागें सरतें. भात मात्र पावसाच्या मानानें पिकतें. चांद्र वर्षाप्रमाणें वसुली केल्यास ३३ पावसाळ्यांत ३४ वेळां सारा मागितला जाईल, आणि कधीं पीक शेतांत उभें असतांनाच कुळास सावकाराचें दार धरावें लागेल.

यासाठीं दक्षिणेंत शुहूर सन रूढ झाला. त्याचा आरंभ इ. स. १३४४ मधला, तेव्हां हिजरी ७४५ होतें. आंकडा तोच ठेवला, पण पुढची गणना सूर्याच्या गतीनें केली. सूर्य मृग नक्षत्रांत शिरला कीं नवें वर्ष. म्हणून त्यास मृगसालही म्हणत. चार शतकांत हिजरी बारा वर्षें पुढें गेलें, शुहूर सन पेरणीशीं बांधलेला राहिला. याच हेतूचा फसली सन मोगलांनीं मागाहून दक्षिणेंत आणला. त्याचा आंकडा शुहूरपेक्षां नऊनें अधिक असतो.

आकारणीवरून वर्षें मोजण्याची रीत रोमन साम्राज्यांतही होती. तेथें इ. स. ३१२ पासून पंधरा वर्षांचें चक्र धरीत. परंतु कागदावर चक्रांतलें वर्षच लिहीत, चक्र कितवें तें नव्हे. शुहूर सनांत हा दोष नाहीं. धोका निराळा आहे. ११३९ हें साल हिजरी समजलें तर इ. स. १७२६-२७ येतें, आणि तेव्हां तारापुरांत पोर्तुगीजांचाच अंमल होता! मराठ्यांचा कागद असा परक्या राज्यांत जाऊन पडतो. म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंत शुहूर आंकड्यांत ६०० मिळवावे, मृगानंतर डिसेंबरअखेर ५९९.

महाराष्ट्राचें महसुली वर्ष आजही जानेवारींत सुरू होत नाहीं. तें १ ऑगस्टपासून ३१ जुलैपर्यंत चालतें. नवापूर ज्यांत येतें तो पालघर जिल्हाही २०१४ सालीं १ ऑगस्टलाच अस्तित्वांत आला.